बावीस काळी मशिनं आणि एक पिवळी झालर

अन्याय झाला तो वेवजीच्या जानकीमावशीवर. गेल्या दिवाळीची सुट्टी संपली त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, तलासरीतल्या एका प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात, मंडपाखाली. तिचं काळं हातमशीन तिच्याकडून जमा करून घेतलं गेलं आणि त्या जागी पांढरं, हलकं, विजेवर चालणारं मशीन तिच्या हातात देण्यात आलं. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी माझी होती.

हे आधीच सांगून टाकते, कारण आम्हा पत्रकं लिहिणाऱ्यांना एक खोड असते. अन्याय कोणी केला ते सांगताना आपण स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना धरतो. केंद्राचं नाव मात्र मी इथे छापत नाही. छापलं की अब्रूची नोटीस येणार, मग चर्चा नोटिशीची होणार आणि मशीन राहणार बाजूला. तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, तेवढं पुरे.

पण नीट सांगायचं तर सरांबद्दल सांगावं लागेल. या सगळ्या प्रकरणात बरोबर होता तो एकटा माणूस, आणि त्याचं बरोबर असणं कोणाच्याही उपयोगी पडलं नाही, त्याच्या स्वतःच्या हट्टामुळे.

सर म्हणजे आमच्या संघटनेचे घरमालक. डहाणू रोडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांचं बैठं घर. पुढच्या दोन खोल्यांपैकी एक आम्हाला कार्यालयासाठी दिलेली, दुसरीत अकरा शिलाई मशिनं. मधलं दार सरांनी काढून टाकलेलं, कारण दार असलं की हवा कोंडते आणि हवा कोंडली की लोखंड रुसतं, असं त्यांचं मत. त्यामुळे आमच्या प्रत्येक बैठकीला अकरा काळी मशिनं हजर असायची. आमच्या काही कार्यकर्त्यांपेक्षा नियमित.

नोकरीभर त्यांनी शाळेत कार्यानुभव शिकवला. पुठ्ठ्याची घरं, खडू, मेणबत्त्या, पायपुसणी. ज्या विषयाचा तास गणिताच्या बाई येऊन मागून न्यायच्या, तो विषय. "बत्तीस वर्षं मी तास दिला," सर म्हणायचे, "आता माझा तास मी कोणाला देत नाही." निवृत्तीनंतरचे सगळे तास त्यांनी घरगुती शिलाई मशिनांना दिले.

शिवण्याला दिले असं मी म्हणत नाही. सरांनी जन्मात एक कपडा शिवला नाही. त्यांच्या शर्टाला वरून तिसऱ्या बटणाच्या जागी सेफ्टीपिन होती आणि ती मी तीन वर्षं पाहिली. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाजारातल्या टेलरकडून ब्लाउज शिवून आणायच्या आणि आल्या आल्या आम्हाला ऐकवायच्या, "ह्या घरात अकरा मशिनं आहेत, आणि मी हूक लावायला पिशवी घेऊन बाजारात जाते. लिहा की तुमच्या पत्रकात हे."

सर शांतपणे म्हणायचे, "मी शिंपी नाही. मी मशीनचा माणूस आहे."

"मशीनच्या माणसाला बटण लावता येऊ नये?"

"बटण हाताने लावतात."

या उत्तरावर काकू आत जायच्या आणि भांडी जरा जोरात ठेवायच्या.

दर रविवारी सकाळी सामना असायचा. टेबलावर दोन मशिनं समोरासमोर. दोन्हींना एकाच रिळाचा दोरा, एकाच नंबरची नवी सुई, आणि मांजरपाटाची दोन बोटं रुंदीची एकसारखी पट्टी. पहिली फेरी सरळ शिवणीची, दुसरी कोपऱ्याची, तिसरी चार पदरी कापडाची, चौथी जोडांची. जोड म्हणजे मशीनबरोबर येणारी ती लहान लोखंडी अवजारं, सुईपाशी बसवायची: काठ दुमडणारं, काज करणारं, झालरीच्या चुण्या पाडणारं. कुठलं मशीन आपल्या जोडाला कसं वागवतं यावर सरांचा फार कटाक्ष. प्रेक्षक आम्ही. भाडेकरू म्हणून ती आमच्यावर अटच होती.

एकदा स्कॉटलंडचं जुनं, लांब शटलचं, म्हणजे खालचा दोरा होडीसारख्या डबीतून देणारं मशीन आणि आपलं देशी गोल बॉबिनचं, असा सामना होता. देशी तिन्ही फेऱ्या जिंकत गेलं. माझी छाती उगाचच फुगली. चौथ्या फेरीच्या आधी सरांनी भिंग लावून दोन्ही सुया पाहिल्या आणि सामना रद्द केला. देशी मशीनला चौदा नंबरची सुई होती, दुसऱ्याला सोळाची. चूक सरांचीच होती, पण ते देशी मशीनकडे असे बघत होते जणू त्याने कॉपी केली.

निकाल ते प्रगतिपुस्तकावर लिहायचे. शाळेतून उरलेली कोरी प्रगतिपुस्तकं त्यांच्याकडे गठ्ठ्याने होती. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी गाव आणि घर: 'बोर्डी, चिकूच्या वाडीतलं'. 'गंजाड, पाटलांच्या मागचं घर'. मग त्या दिवशीची हवा, तेलाची अवस्था आणि शेरा. 'हुशार पण चंचल.' 'जाड कापडात प्रगती हवी.' 'पालकांनी भेटावे.' दुसऱ्यांच्या मशिनांनाही ते असंच तपासायचे. बाजारात, लग्नघरी, कोणाच्या ओट्यावर मशीन दिसलं की पिशवीतून मांजरपाट काढून विचारायचे, "एक पट्टी घालू का?" लोकांना वाटायचं सरकारी माणूस आहे. ते नाही म्हणायचे नाहीत. शिवलेली पट्टी प्रगतिपुस्तकाला टाचायची आणि घरी आणून दोरीवर ओवायची. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा पट्ट्या लटकत होत्या. जत्रेतल्या नवसाच्या चिंध्या वाटाव्यात.

एक गोष्ट ते कधीच लिहायचे नाहीत. मशीनचा नंबर. प्रत्येक मशीनच्या बुडाशी किंवा कडेला तो ठोकलेला असतो. मी विचारलं होतं.

"नंबर कारखान्यात पडतो," सर म्हणाले. "टाका घरात पडतो. नंबर बघून ओळखायचं तर ते पोलिसांचं काम. मला टाका बघून ओळखू येत नसेल तर मी ओळखतो असं म्हणू नये."

तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. मी वहीत उतरवून घेतलं होतं.

जोडांबद्दलही त्यांचा एक कायदा होता. जोड मशीनपासून वेगळा करायचा नाही. स्टेशनपलीकडच्या चाळीतल्या प्राथमिकच्या बाईंनी एकदा काज करायचा जोड मागितला, मुलाच्या झब्ब्यासाठी. सर "देतो" म्हणाले आणि अर्ध्या तासाने रिक्षातून उतरले. मांडीवर जोडाचा डबा, शेजारच्या सीटवर पायाचा स्टँड सोडून बाकी सगळं मशीन. चारही काजं होईपर्यंत तिथे बसले, तीन वेळा चहा झाला. बाईंनी नंतर मला विचारलं, "तुमच्या सरांना आमच्यावर काही संशय आहे का?" मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांच्या मशीनवर नाही."

आता पत्रकाकडे येते.

आमची मागणी होती तलासरी आणि डहाणूच्या गावांतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना मशिनं मिळावीत. पत्रक मी लिहिलं. तळाशी फाडून द्यायची चिठ्ठी होती: 'माझा पाठिंबा आहे', खाली सही किंवा अंगठा. ती रेघेवर फाटत नव्हती, चिठ्ठीबरोबर अर्धी मागणीही निघून यायची. सर म्हणाले, "आण इकडे." कापडाच्या कामातून निवृत्त झालेली एक अठरा नंबरची सुई त्यांनी चढवली, दोरा काढून टाकला आणि एकेक कागद मशीनखालून जाऊ दिला. बारीक भोकांची सरळ रांग. चिठ्ठी टक्कन सुटायची. आमच्या संघटनेत आजवर बऱ्याच फाटाफुटी झाल्या, इतकी सरळ एकही नाही.

भोकं पाडता पाडता त्यांनी मजकूर वाचला. "पाचवी मागणी काढ," म्हणाले.

पाचवी मागणी अशी होती: महिलांकडील जुनी, कालबाह्य यंत्रे जमा करून त्याऐवजी विजेवरील नवीन यंत्रे देण्यात यावीत.

"का, सर?"

"नवीन मागतेस तर माग. जुनी जमा कशाला करायची?"

"केंद्रवाले म्हणतात, जुनं जमा झालं की गरज होती हे सिद्ध होतं."

"आणि जोडांचं काय? काही जोड बाजूने बसतात, काही वरून टोपीसारखे बसतात. वरून बसणारा जोड बाजूने धरणाऱ्या मशीनला..."

पुढचा पाऊण तास ते वरून बसणाऱ्या आणि बाजूने बसणाऱ्या जोडांविषयी बोलले. जर्मन मशिनं, त्यांची दांडी, तिचा स्क्रू. मी मान हलवत मोबाइल बघत होते. मला वाटत होतं, बायका पिढ्यान्‌पिढ्या हात दुखेपर्यंत चाक फिरवताहेत आणि ह्या माणसाला स्क्रूची पडली आहे. काळ्या मशिनांकडे बघितलं की मला बायकांची गुलामगिरी दिसायची. तसंच्या तसं मी पत्रकात लिहिलंही होतं.

मागणी मी काढली नाही. सरांनी सगळी पत्रकं भोकं पाडून दिली. मी विचारलं, "पटत नाही तरी करून दिलीत?"

"मजकूर तुझा, भोकं माझी. भोकांत चूक असेल तर दाखव."

मागणी मंजूर झाली. आमच्या सहा मागण्यांपैकी फक्त पाचवी. तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या बुधवारी बावीस बायका आल्या. कोणी डोक्यावर मशीन घेऊन, कोणी टेम्पोत घालून. प्रत्येकीचा अर्ज भरायचा होता आणि भरायला बसले होते मी. अर्जात एक रकाना होता: 'जमा केलेल्या यंत्राचे वर्णन व क्रमांक'. क्रमांक बघायचा तर मशीन आडवं करायचं, बूड पुसायचं, बॅटरी लावायची. रांग मोठी होती, पाहुणे येऊन बसले होते, फोटो व्हायचा होता. मी लिहिलं, 'काळे, जुने'. मग पुढच्या अर्जातही तेच. बावीस अर्ज, बावीस वेळा 'काळे, जुने'. माझं अक्षर चांगलं आहे, सगळीकडे एकसारखं आलं.

आठ दिवसांनी जानकीमावशी आमच्या कार्यालयात आल्या. उंच, काटक बाई, कपाळावर गोंदण, हातात बिस्किटांचा गंजलेला डबा. वेवजीहून बस बदलून आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि डबा टेबलावर ठेवला.

"ताई, हा बसत नाय."

डब्यात झालरीचा जोड होता. मी तो पहिल्यांदाच हातात घेतला. मुठीएवढं काळं लोखंड, त्यात एक दातेरी चाक आणि एक दोन टोकांची, दुबेळक्यासारखी दांडी.

"नव्या मशीनला बसत नाही?"

"नव्याला तो ठाऊकच नाय. बसवाया गेली तर प्लॅस्टिक करकर करतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आनि त्याला लाईट लागते. आमची लाईट पाहुणी हाय, ताई. येते, बसते, जाते. लग्नघरी मी पाच दिवस जाऊन राहते. मशीन डोक्यावर, डबा काखंत. ओट्यावर बसून सगळ्या पोरींच्या झालरी करते. आता गंजाडला माझ्या भावाच्या पोरीचं लगीन हाय. तिकडं ओट्यावर लाईट कुठली आणू?"

मी म्हटलं, "मावशी, नवं मशीन काही दिवसांनी सवयीचं होईल."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "माझं मला आणून द्या," त्या म्हणाल्या. "नवं घेऊन जावा. वेवजीत मी सांगितलेलं, ताई बोलते म्हणून देते."

दार नसलेल्या दारातून सर आले. त्यांनी जोड उचलला, दातेरी चाक नखाने फिरवलं, एकदा, दोनदा. "वरून बसणारा," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग भिंतीवरच्या पट्ट्यांमधून हात फिरवत त्यांनी एक ओढून काढली.

"वेवजी. जर्मन, लांब शटल. चिकूवाडीतल्या बाईंनी गाव सोडून जाताना दिलेलं, सासूला. बरोबर?"

"सासूलाच," जानकीमावशी म्हणाल्या. "तुम्ही आलेले ना, तलासरीच्या बाजारात? मला वाटलं जनगणनेवाले."

प्रगतिपुस्तकावरचा शेरा सरांनी मोठ्याने वाचला: "'डावीकडे ओढ. मालकीण समर्थ.'" मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दात्यांपैकी डावी रांग झिजलेली होती, त्यामुळे शिवण वीतभर गेली की सुताभर डावीकडे सरकायची. जानकीमावशी दर वितेला कापड हलकेच उजवीकडे ओढून ती सरळ करायच्या. पट्टीवर ते दिसत होतं. डावीकडे, मग एक बारीक झटका. डावीकडे, झटका. आणि झालरीच्या चाकाचा एक दात बोथट, म्हणून दर अकरा चुण्यांनंतर एक चुणी सुटायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं केंद्रात. बावीसही मशिनं मागच्या गोदामात एकावर एक रचलेली, भंगाराच्या गाडीची वाट बघत. स्टोअरकीपर चांगला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, माझी ना नाही. पण बाईंचं कोणतं ते कसं सांगू? अर्जात तर..." त्याने फाइल उघडून माझ्यापुढे धरली. काळे, जुने. काळे, जुने.

"नंबर असेल तर द्या, दोन मिनिटांत काढतो."

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "नंबर मी लिहीत नाही."

वहीत उतरवून घेतलेलं ते सुंदर वाक्य त्या क्षणी मला खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं. सोन्यासारखं दप्तर ठेवलेलं, हवा लिहिलेली, तेल लिहिलेलं, आणि जे एकच सरकारात चालतं तेवढं गाळलेलं. अर्थात मला बोलायला तोंड नव्हतं. दोघांनी मिळून एकाच रकान्याचा घात केला होता, त्यांनी तत्त्वासाठी आणि मी फोटोसाठी.

"टाका बघून सांगतो," सर म्हणाले. स्टोअरकीपर हसला. मग सरांनी पिशवीतून मांजरपाट काढल्यावर त्याचं हसू थांबलं. ठरलं असं: सर बाहेर व्हरांड्यात पाठ करून बसणार, आत प्रत्येक मशीनवर एकेक पट्टी शिवायची, मागे खडूने खूण करायची आणि बाहेर आणायची. चाक फिरवायला जानकीमावशी पुढे सरसावल्या.

"तू नको," सर म्हणाले. "तुझा हात तिला सांभाळून घेतो. परक्या माणसाला चालवू दे, म्हणजे खोड दिसेल."

स्टोअरकीपरनेच शिवलं. त्याची आई शिवायची, त्याला चाक फिरवता येत होतं. एकेक पट्टी बाहेर येऊ लागली. सर ती उलटी करायचे, बोट फिरवायचे. "हिची माझी ओळख नाही." "हिचीही नाही." "ही गंजाडची, हिला मी पालकांनी भेटावे लिहिलं होतं, कोणी भेटलं नाही." स्टोअरकीपरने मध्येच एकाच मशीनच्या दोन पट्ट्या पाठवल्या, परीक्षा म्हणून. सर म्हणाले, "हे पोर मघाशी येऊन गेलं." बावीसपैकी सात मशिनं त्यांच्या ओळखीची निघाली आणि सातही नंतर घरच्या दोरीवरच्या पट्ट्यांशी जुळली. सोळाव्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं. शिवण वीतभर गेली होती, सुताभर डावीकडे झुकली होती, आणि पुढे झुकतच गेली होती. कोणी ओढून धरलं नव्हतं तिला.

"ही," सर म्हणाले.

जानकीमावशी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मशीन त्यांच्या कडेवर होतं. स्टोअरकीपर मागून म्हणत होता, "बाई, असं नेता येत नाही, बाई."

ते खरंच होतं. केंद्राचे साहेब आले. साहेबांनी पट्टी पाहिली, प्रगतिपुस्तक पाहिलं, शेरा वाचून किंचित हसलेही. मग म्हणाले, "सर, पट्टी तुमची, शेरा तुमचा, ओळखणारेही तुम्हीच. मी फाइलला काय लावू?" "या मशीनवर शिवलेले पाच कपडे आणा. पाच वेगळ्या घरांतले. आणि गावातले नकोत. गावातले एकमेकांसाठी काहीही सांगतात. डहाणू रोडचे वगैरे आणा, नोकरदार माणसं, सही करतील अशी. झालर आणि टाका जुळला की मी नोंद बदलतो. फक्त भंगाराची गाडी यायच्या आत."

"साहेब, मी शिवलेलं माझ्याकडं कशाला राहील?" जानकीमावशी म्हणाल्या. "लोक घेऊन जातात ना."

गावातल्यांची सही का नको, यावर मी तिथे दहा मिनिटं भाषण केलं. भाषण चांगलं झालं. नियम तोच राहिला. मशीन परत गोदामात गेलं, सरांनी ओळखीची पट्टी त्याच्या दांडीला बांधली आणि आम्ही निघालो. रिक्षात जानकीमावशी रिकामा झालेला हात मांडीवर उघडा ठेवून बसल्या होत्या.

गंजाडचं लग्न झालं. झालरी तयार आणल्या, बाजारातून. जानकीमावशी ओट्यावर बसल्या होत्या, पाहुण्यांसारख्या.

आणि सर वलसाडला लेकीकडे गेले. काकूंचे गुडघे गेले होते, इलाज नव्हता. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, खालच्यांना रविवारचा खडखड चालत नाही. सगळी मशिनं इथेच आमच्या ताब्यात दिली, जोडांच्या डब्यांसह, प्रत्येक डबा आपापल्या मशीनला सुतळीने बांधून. पट्ट्यांची दोरी मला दिली. निघताना काकू म्हणाल्या, "तिथे एकच सुख. टेलर समोरच आहे." सरांच्या शर्टाला सेफ्टीपिन तशीच होती. रविवारी त्यांचा फोन येतो. माझी चौकशी करत नाहीत. विचारतात, "डावीकडे ओढणारी कशी आहे?" मी म्हणते, आहे अजून. ते म्हणतात, "नंबर लिहून घेतलास?" घेतला. हेही सांगून टाकते, आता मी बावीसही मशिनांचे नंबर लिहून घेतलेत.

त्यानंतरच्या एका सकाळी घरी चटणी करायला मी मिक्सरवरचं आवरण काढलं. पिवळं, सॅटिनचं, खाली झालर. आईने माझ्या पाचवीतल्या गॅदरिंगच्या घागऱ्याचं केलेलं. कोळीनृत्याला मी तिसऱ्या रांगेत होते. बारा वर्षं ते आवरण रोज काढते आणि घालते. त्या दिवशी उलटं केलं. चुण्या मोजल्या. अकरा, आणि एक मोकळी जागा. अकरा, आणि मोकळी जागा. वरच्या शिवणीवर बोट फिरवलं. डावीकडे, मग एक झटका.

"आई, हा घागरा कोणी शिवला होता?"

"शाळेतूनच आला होता. नाचाच्या बाई म्हणाल्या होत्या, वेवजीची एक बाई शिवते, झालर बघा कशी पडते." आई मिक्सर लावत म्हणाली. "का गं?"

ज्या काळ्या मशीनमध्ये मला गुलामगिरी दिसत होती, त्याच्यावरच शिवलेलं नेसून मी नाचले होते, आणि कोणी शिवलं हे विचारायला मला इतकी वर्षं लागली. आवरण मी साहेबांकडे दिलं. साहेबांनी मोजलं, मान हलवली, फाइलला लावलं. पुढच्या आठवड्यात रेल्वे क्वार्टर्समधल्या एका घरातून बाळाचं झबलं मिळालं. दोन झाले. पाच हवेत. भंगाराची गाडी येत्या बुधवारी आहे.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलंय. डहाणू रोडला राहणाऱ्या, मुलींना गॅदरिंगमध्ये नाचवलेल्या, काही टाकून न देणाऱ्या तुमच्यासाठी. वेवजीच्या बायकांची सही चालत नाही, तुमची चालते. ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण या बुधवारपुरती ती वापरायची आहे. उठा. माळ्यावरची ट्रंक काढा. टीव्हीवरचं, शिलाई मशीनवरचं, हार्मोनियमवरचं आवरण काढा. ज्याला झालर आहे ते उलटं करा आणि चुण्या मोजा. अकरानंतर एक मोकळी जागा दिसली तर शिवणीवर बोट फिरवा. वितेवर जो झटका लागेल तो जानकीमावशीचा हात आहे. कपडा धुऊ नका, इस्त्री करू नका, तसाच घेऊन बुधवारी सकाळी सव्वाअकराच्या आत केंद्राच्या गोदामापाशी या आणि सही करा.

तीन कमी आहेत. मोजायला आत्ता बसा.